मागचं दार

बस थांबली. पुढचं दार फुस्स करून उघडलं, मागचं उघडलंच नाही. आम्ही सातआठ जण मागच्या दाराशी उतरायला उभे होतो. सगळ्यांत पुढे चाकांची पिशवी घेतलेल्या एक आजी, मग कानांत गाण्याची बोंडं खुपसलेली एक कॉलेजची मुलगी, मग मी, हातात दोन दिवसांच्या कपड्यांची बॅग. बटण दाबलेलं होतं, लाल दिवा लागलेला होता, म्हणजे आमच्या बाजूनं करायचं ते सगळं झालेलं होतं. दुसरीकडे कुठेही एव्हाना कोणीतरी ओरडलं असतं, 'अहो ड्रायव्हर, मागचं दार!' आम्ही पडलो फिनलंडची माणसं. आम्ही दाराकडे टक लावून बघत राहिलो, जणू आमच्या बघण्यानं त्याला लाज वाटेल आणि ते उघडेल. बस निघाली. आजींनी पिशवीचा दांडा या हातातून त्या हातात घेतला, तेवढीच काय ती तक्रार. पुढच्या स्टॉपवर पुन्हा तेच. पुढून ओले कोट आत शिरत होते, तुर्कूतली ऑक्टोबरची सकाळ, रिमझिम, कामावर जायची घाई. येणारे येत होते, जाणारं कोणीच नाही, आणि बस फुगत चालली होती. कोणाची तरी छत्री माझ्या गुडघ्यावर ठिबकत होती, ओल्या लोकरीचा वास नाकात भरला होता, काचा धुरकटल्या होत्या. आणि एकदम मला कळलं, हे चित्र मी ओळखतो. हे माझ्या आतड्याचं चित्र होतं.

हसू नका. बावन्न वर्षांचा माणूस आहे मी, वेइयो हुओतारी, बाजारचौकाजवळ चपला-बूट शिवतो आणि किल्ल्या करून देतो. दारांबद्दल मी उगाच काही बोलणार नाही. लहानपणी एका डॉक्टरबाईंनी मला आणि आईला कागदावर एक घर काढून दाखवलं होतं. हे घर म्हणजे तुझ्या आतड्याच्या भिंतीतली एक पेशी, त्या म्हणाल्या. पुढचं दार अन्नाच्या बाजूला, मागचं दार रक्ताच्या बाजूला. तू मटण खाल्लंस, दूध प्यायलास, की त्याचे बारीक बारीक तुकडे होतात, त्यांना म्हणतात अमिनो आम्लं. त्यांतली काही मंडळी अल्कधर्मी असतात, लायसिन, आर्जिनिन, ऑर्निथिन. अंगावर धन विद्युतभार घेऊन फिरतात, म्हणून त्यांना कुठल्याही दारातून जाता येत नाही, त्यांचा द्वारपाल वेगळा. तुझ्या घराचा पुढचा द्वारपाल झकास आहे. मागचा जन्मतःच चुकीचा घडलाय. पाहुणे आत येतात आणि आतच अडकतात. आईनं पर्स मांडीवर घट्ट धरून विचारलं, "मग आत बसून करतात काय ते?" "गर्दी, हुओतारीबाई. नुसती गर्दी," डॉक्टरबाई म्हणाल्या. मला तेव्हा फार हसू आलं होतं. आई हसली नाही. कारण पुढचं तिला आधीच सांगितलेलं होतं: ही मंडळी रक्तात पोचली नाहीत की यकृतातला अमोनिया धुऊन काढणारा कारखाना बंद पडतो, आणि मग माणूस मांस खाऊन आधी ओकतो, मग पेंगतो, मग बरळतो, आणि वेळेवर कोणी लक्ष दिलं नाही तर उठतच नाही.

मला त्या घराचं फार वेड लागलं होतं. मूत्रपिंडातही अशीच घरं, त्यांचीही मागची दारं बंद, हे कळल्यावर तर मी आपल्याला एक अख्खं गावच समजायला लागलो, असं गाव की जिथून परसात जायची सोय नाही. पण खरी गंमत औषधाची. सिट्रुलिन नावाची पांढरी पूड. हे पहिल्यांदा सापडलं ते कलिंगडात. याच्या अंगावर तो धन भार नाही, म्हणून हे दुसऱ्याच, भल्याचांगल्या दारानं सरळ रक्तात जातं, आणि आत गेल्यावर अंगातला कोट बदलून आर्जिनिन होऊन बसतं. "म्हणजे चोर!" मी म्हणालो होतो. "चोर कसला, जावई," डॉक्टरबाई म्हणाल्या. तेव्हापासून जेवणाआधी मी पाण्यात पूड ढवळतो आणि मनातल्या मनात म्हणतो, या जावईबापू, मागून या. त्यांनी त्या दिवशी आणखी एक सांगितलं होतं. हा आजार जगात कुठे कुठे तुरळक आहे, पण सगळ्यांत जास्त आपल्याकडे. जुन्या काळी रानात पाच-दहा घरांची गावं, बाहेरची सोयरीक नाही. कुठल्या तरी एका खापरपणज्याच्या अंगातली एक चूक जशीच्या तशी लेकरांत उतरत आली. आईच्या आणि बाबांच्या, दोघांच्याही घराण्यांची मुळं उत्तरेकडची, म्हणून ती माझ्यात दोन्हीकडून आली. एकीकडून आली असती तर काही बिघडलं नसतं. माझं नशीबच दांडगं.

आणि हे कळायच्या आधीची वर्षं! मांसाचा वास आला की मी टेबलाखाली जायचो. दूध समोर ठेवलं की तोंड मिटून घ्यायचो. नखरेल, सगळे म्हणायचे. आत्या म्हणायची, "राजपुत्र जन्माला घातलाय गं तू, चांदीच्या ताटात बटाटा वाढ त्याला." खरं म्हणजे माझ्या जिभेला सगळ्यांच्या आधी कळलं होतं, पण जिभेचं कोण ऐकतं? शाळेच्या जेवणघरात दर गुरुवारी कलेजीचा भात असायचा, बेदाणे घातलेला. मी बेदाणे वेचून खायचो आणि कलेजी हातमोज्यात भरायचो. त्या लोकरीच्या हातमोज्याचा वास मला अजून येतो. आत्ता या बसमध्येही आला.

तिसरा स्टॉप. दार बंद. आता दाराशी दाटी इतकी की आजींची पिशवी माझ्या पोटावर टेकलेली. मला खरं तर दोन स्टॉप मागेच उतरायचं होतं. तिथून पाच मिनिटांवर माझ्या मैत्रिणीचं, सिर्क्कूचं घर, आणि तिथे सिर्क्कू गाडी सुरू करून बसलेली असणार, कारण आज आम्हाला उत्तरेला तिच्या गावी जायचं होतं आणि उद्या तिच्या वडिलांच्या शिकारमंडळाचं सूप. पिशवीचं मला काही नव्हतं, धास्ती होती ती त्या सुपाची.

एल्क हे आमच्या रानातलं घोड्याहून उंच हरीण. शरद ऋतूत गावोगावची मंडळं त्याच्या शिकारीला निघतात, आणि शिकार संपली की ज्यांच्या ज्यांच्या रानातून धावपळ केली त्या सगळ्या गावाला सूप खायला बोलावतात. सिर्क्कूचे वडील तावेत्ती, चौऱ्यांशीचे आहेत, आणि अजून त्यांच्या गावच्या, कोर्पिवाराच्या, मंडळाचे प्रमुख. त्यांनी फोन केला होता, मला, स्वतः. "शनिवारी ये. तुझा वाडगा मी भरीन." एवढंच, आणि फोन ठेवला. मी सिर्क्कूला सांगितलं तर ती मटकन खुर्चीत बसली. "बाबा स्वतः म्हणाले? मी भरीन असं? अरे वेइयो, म्हणजे झालंच की आपलं!" आधी एक हेल्सिंकीचा गृहस्थ तिच्याबरोबर गेला होता म्हणे, त्यानं सुपाआधी पावाला हात घातला. म्हातारा आजतागायत त्याला 'तो पाववाला' म्हणतो. पावाला हात घातला तर ही गत. मग वाडगाच नाकारणाऱ्याचं काय?

तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं. सिर्क्कूला सांगायचं, ती बापाला सांगेल. हेच तर. सिर्क्कूला मी सांगितलेलंच नव्हतं. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती बुटाची तुटलेली टाच घेऊन दुकानात आली आणि हसली, मी टाच लावली, ती पुन्हा दुसऱ्याच दिवशी न तुटलेला बूट घेऊन आली. दाताच्या दवाखान्यात काम करते, दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणते, आणि स्वतःचं कधी मिटत नाही. पहिल्यांदा घरी बोलावलं तेव्हा मीटबॉल केले होते, लिंगनबेरीचा मुरंबा, वर रस्सा. मी म्हणालो, जेवून आलोय. मग नंतर नंतर रोज रोज जेवून येणं बरं दिसेना, म्हणून मी बटाटे खायचो आणि ती पाणी आणायला उठली की मीटबॉल खिशात. माझ्या कोटाच्या उजव्या खिशात प्लॅस्टिकची पिशवी कायम. दुसऱ्या दिवशी आउरा नदीच्या काठावर सीगल पक्षी वाट बघत असायचे. सिर्क्कूच्या हातचं खाऊन ते असे गुबगुबीत झालेत की दोन तर नीट उडत नाहीत. पुडीबद्दल मी सांगितलं होतं, पित्तावरचं औषध. वर्षभर मी असा मूग गिळून बसलो होतो, आणि मूग तरी कसले, ते सुद्धा मला मोजून खावे लागतात.

का? कारण एकदा सांगून बघितलंय. माझी पहिली बायको मार्केत्ता, गुणाची बाई, सांगितल्यावर तिनं वजनकाटा आणला. प्रत्येक घास तोलायची. सकाळी उठल्यावर माझ्या डोळ्यांत बॅटरी मारून बघायची, मी शुद्धीवर आहे ना. हाडं ठिसूळ असतात या आजारात, म्हणून मला शिडीवर चढू द्यायची नाही, मग नाचू द्यायची नाही, शेवटी हिवाळ्यात बाहेरच जाऊ द्यायची नाही. तिचं काहीच चुकलं नाही. पण घरात एक पेशंट आणि एक नर्स राहायला लागले, आणि नवराबायको कुठे निघून गेले ते कळलंच नाही. सिर्क्कू मला ढकलते, माझ्या पाठीत धपाटा घालते, गोठलेल्या तळ्यावर मला हात धरून पळवते. तिच्या लेखी मी एक किडमिडीत पण धडधाकट माणूस होतो. तो माणूस मला फार आवडायला लागला होता. त्याला मला मारायचं नव्हतं.

म्हणून मी ठरवलं होतं: एक वाडगा खायचा. आधी दुप्पट पूड घ्यायची आणि एक वाडगा खाऊन टाकायचा, काय होतंय एका वाडग्यानं! काय होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. भावाच्या लग्नात अशीच वहिनीच्या आईला वाईट वाटू नये म्हणून मी भाजलेल्या मांसाची एक प्लेट खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफीत मीठ घातलं आणि दारामागच्या कोट टांगायच्या खुंटाळ्याशी अर्धा तास अदबीनं बोलत होतो, त्याच्या आजारी आईची चौकशी केली म्हणे. सगळे हसत होते, मग मी जमिनीवर बसलो आणि कोणी हसेना. आठवडाभर दवाखान्यात होतो. वहिनी अजून त्या खुंटाळ्याला 'वेइयोचा मित्र' म्हणते. गंमत म्हणून ठीक आहे. पण डॉक्टर निरोप देताना म्हणाले होते, पुढच्या वेळी तुम्हाला इथवर कोणी आणलंच पाहिजे असं नाही. आणि तरीही मी ठरवलं होतं.

चौथ्या स्टॉपवर ड्रायव्हरनं मागे आरशात बघितलं, इंजिन बंद केलं आणि गर्दीतून वाट काढत आला. बाहेरच्या देशात जन्मलेला असावा, पण बोलायला आमच्याहून अस्सल तुर्कूचा. त्यानं दाराच्या वरच्या खाचेत हात घालून काहीतरी खटका ओढला, खाली एक लाथ घातली, दार उघडलं आणि गार वारा आत आला. आम्ही भडाभडा बाहेर. "कधीपासून अडकलंय हे?" त्यानं विचारलं. कॉलेजची मुलगी म्हणाली, "बाजारचौकापासून." "बाजारचौकापासून! चार स्टॉप? अहो, मग बोलला का नाहीत?" आम्ही सगळे फूटपाथवर ओशाळून उभे. आजी बराच विचार करून म्हणाल्या, "तुम्ही कामात होता." तो आमच्याकडे बघतच राहिला. मला त्या माणसाचं तोंड पुढे दोन दिवस दिसत होतं.

"उशीर," मी चालत परत तिच्या घराशी पोचलो तेव्हा सिर्क्कू म्हणाली. "बसचं मागचं दार उघडलं नाही," मी म्हणालो. "मग बोंब मारायची!" तिनं गाडी काढली. दिवसभराचा रस्ता. मी ठरवलं, तांपेरे आलं की सांगायचं. तांपेरे गेलं. मग पेट्रोलपंपावरच्या कॉफीनंतर. कॉफी झाली, दालचिनीचा गोड पाव झाला. एकदा तर मी घसा खाकरून तोंड उघडलंच, ती म्हणाली, "काय?" मी म्हणालो, "तळं छान आहे." "तळं कुठलं रे, शेत आहे ते, पाणी साचलंय."  बाहेर बर्चची शेवटची पिवळी पानं, मग नुसती पाइनची झाडं, मग अंधारलेलं आभाळ, आणि माझ्या आत पाहुण्यांची गर्दी वाढत चाललेली.

संध्याकाळी पोचलो तसं म्हाताऱ्यानं मला साउनात, आमच्याकडच्या वाफेच्या न्हाणीत, बसवलं. आम्ही दोघं उघडे, वरच्या फळीवर. तो दगडांवर पाणी टाकायचा, वाफ अंगावर यायची, आणि कोणी काही बोलायचं नाही. साउना त्यासाठीच असतो. कितीतरी वेळानं त्यानं माझ्या बरगड्यांकडे, डोक्यावरच्या विरळ केसांकडे नजर टाकली. मग पुन्हा एकदा टाकली. "बारीक आहेस," तो म्हणाला. "हो." पाणी, वाफ. "उद्या बघू." त्या दोन शब्दांनी माझा घामसुद्धा गार झाला.

स्वयंपाकघरात सिर्क्कू उद्यासाठी गाजरं चिरत होती. मी लँटू नावाचा आमच्याकडचा पिवळा कंद सोलायला बसलो. चुलीच्या कोपऱ्यावर झाकणाचं एक छोटं निळं पातेलं होतं, इनॅमलचे टवके उडालेलं. मी सोललेलं त्यात टाकायला गेलो तर सिर्क्कूनं हातावर चापट मारली. "त्याला नाही हात लावायचा. बाबांचं आहे ते. दर वर्षी सुपाच्या दिवशी स्वतःसाठी वेगळं काहीतरी रटरटवतात त्यात." "काय?" "काय माहीत." "तू विचारलं नाहीस?" "पोटाचं काहीतरी असेल. आई असताना तिनंही कधी विचारलं नाही." आणि ती गाजराकडे वळली. बोंब मार म्हणणारी हीच बरं का! मी मनात म्हटलं, वा रे आपली माणसं, एका घरात चाळीस वर्षं एक पातेलं शिजतं आणि झाकण उचलून बघायची कोणाची टाप नाही.

शनिवारी गावाच्या सभागृहासमोर सगळं गाव रांगेत. सैन्यातली जुनी चाकांची सूप-भट्टी, हिला आम्ही तोफ म्हणतो, धूर ओकत उभी, आणि तिच्यामागे नारिंगी टोपी घालून तावेत्ती, हातात घागरीएवढा डाव. ऊन पडलं होतं. पोरं ओरडत होती, कुत्री भुंकत होती, कोणी शिकारीची बढाई मारत होतं, "अरे, मी नेम धरला तेव्हा ते माझ्याकडे बघून हसलं," आणि दुसरा म्हणत होता, "हसणारच, तुझा नेम त्याला माहीत आहे." मी दुप्पट पूड घेतलेली होती. जावईबापू आत गेले होते. माझ्या पुढची माणसं एक एक करत कमी झाली आणि वास आला, उकळलेल्या मांसाचा, काळ्या दाण्यांच्या मसाल्याचा, आणि माझी जीभ सहा वर्षांची होऊन टेबलाखाली गेली. तावेत्तीनं माझा वाडगा घेतला. रांग गप्प झाली, कारण पाहुण्याचा वाडगा प्रमुख स्वतः भरतोय म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. बाजूला सिर्क्कू, गाल लाल, डोळे चमकतायत. डाव तोफेत गेला, वर आला, काठोकाठ मोठाले तुकडे, माझ्यासाठी निवडलेले. आणि मला त्या ड्रायव्हरचं तोंड दिसलं.

"मागचं दार!" मी ओरडलो.

खरंच ओरडलो. म्हणायचं होतं काहीतरी सभ्य, वर्षभर घोकलेलं, पण बाहेर पडलं ते कालच्या बसमधलं. लांबवर एक कुत्रं भुंकायचं थांबलं. "म्हणजे माझ्या पेशींचं," मी म्हणालो, आणि मग थांबेचना, "मी मांस खाऊ शकत नाही, तावेत्ती. आवडत नाही म्हणून नव्हे, जन्मापासून माझ्या आतड्यातून ते रक्तात जातच नाही, मागचं दार अडकलंय, अमोनिया डोक्यात चढतो, मी खुंटाळ्याशी बोलायला लागतो, मरूही शकतो, आणि सिर्क्कू, ती पूड पित्ताची नाही, आणि तुझे मीटबॉल मी खिशात घालून नेले, वर्षभर, माफ कर, सीगलना घातले."

 एवढी माणसं आणि तोफेखालची लाकडंच काय ती तडतडत होती. मग सिर्क्कू हळू म्हणाली, "म्हणून ते सीगल तुझ्या मागे दुकानापर्यंत येतात?" "हो." "आणि मला वाटलं तुला माझा स्वयंपाक आवडत नाही. तीन प्रकारचे मसाले बदलले मी, गाढवा!" आणि तिनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की वाडगा असता तर सांडला असता. बॅटरी नाही, काटा नाही. धपाटा. माझे डोळे भरून आले आणि मी धुरावर ढकललं.

पण तावेत्ती हलला नव्हता. डाव तसाच हवेत, सूप थेंबथेंब परत तोफेत. "खुंटाळ्याशी बोलतो म्हणालास," तो म्हणाला. "आधी पेंगतो. मग बरळतो." "हो." "आणि लहान असताना? दूधही नको?" "दूधही नको." "टेबलाखाली." मी मान हलवली, हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं. त्यानं डाव शेजाऱ्याच्या हातात दिला, हात पुसले, तोफेमागच्या फळीवरून ते निळं पातेलं, माझा वाडगा आणि एक चमचा उचलला आणि मला घेऊन सभागृहाच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. सिर्क्कू मागोमाग आली आणि पहिल्यांदाच एका शब्दानं काही न बोलता बसली.

"लेम्पी म्हणून बहीण होती मला. मोठी," तावेत्ती म्हणाला. "लढाईनंतरची वर्षं. मांस कुठलं मिळतंय! बाबांनी एल्क मारलं, आईनं सगळ्यांत चांगला तुकडा तिच्या ताटात वाढला, कारण ती अशी. तुझ्यासारखी, नुसत्या बरगड्या. ती खाईना. हट्टी म्हणायचे तिला सगळे. मग सगळे मिळून बसलो तिच्याभोवती, खा गं, खा गं. खाल्लं तिनं. आमच्यासाठी खाल्लं." तो पातेल्याच्या झाकणाशी चाळा करत होता. "जेवताजेवताच झोपली. मग गाईशी बोलत होती, गाय नव्हती तिथे. तिसऱ्या दिवशी गेली. आई पुन्हा कधी तिचं नावच काढायची नाही, मग कोणीच काढेना." त्यानं झाकण उचललं. आत बटाटे, लँटू, गाजर, लोण्याचे पिवळे डोळे, तेच काळे दाणे. मांसाचा कण नाही. "तिला हे आवडायचं. मंडळाचं सूप असतं तेव्हा तिचंही असावं, म्हणून करतो. नंतर मीच खातो."

सिर्क्कूनं बापाच्या बाहीला धरलं. मी त्यांना घर सांगितलं, पुढचं दार, मागचं दार, डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तसंच, पायरीवरच्या धुळीत बोटानं काढून. म्हातारा वाकून बघत होता. तिची तपासणी कोणी केली नाही, आता खात्रीनं कोण सांगणार, हेही मी सांगितलं. पण माझ्या अंगातली चूक कुठल्या तरी एकाच खापरपणज्याकडून आलेली आहे, इकडचाच, याच रानांतला, आणि ज्याच्या ज्याच्या अंगात ती आहे तो त्याचाच नातू-पणतू.

"म्हणजे ती हट्टी नव्हती," तावेत्ती म्हणाला.

"अजिबात नव्हती. ती बरोबर होती."

त्यानं त्या धुळीतल्या घराकडे बघत नाक ओढलं. मग माझ्याकडे वळून त्यानं मला पुन्हा एकदा नीट न्याहाळलं, केस, बरगड्या, सगळं, साउनात न्याहाळलं होतं तसं. "म्हणजे तू आमच्यातलाच निघालास की रे."

"बाबा," सिर्क्कू डोळे पुसत म्हणाली, "फार जवळचा नको हं. मला लग्न करायचंय त्याच्याशी."

म्हातारा हसला. त्याचं हसणं मी पहिल्यांदा ऐकत होतो, गंजलेल्या कुलपात तेल गेल्यावर येतो तसला आवाज. त्यानं वाडगा घेतला, पातेल्यातून भरला, आणि माझ्या हातात दिला. मी खाल्लं. काय सांगू, गोड लँटू, मऊ बटाटा, लोणी. उन्हात पायरीवर बसून, कोणी उठून पाणी आणायला जायची वाट न बघता, खिशाकडे हात न नेता. आयुष्यभर मी लोकांच्या घरी जेवून आलेला माणूस. वाडगा रिकामा झाला ते मला कळलंही नाही. मग मी तो पुढे केला.

"अजून आहे का?"

तावेत्तीनं पातेलं तिरपं करून आत बघितलं. तळाशी एक बटाटा आणि दोन गाजरं होती. त्यानं तीही माझ्या वाडग्यात ओतली, चमच्यानं कडा निपटून काढल्या, आणि वैतागून मान हलवली.

"पातेलं लहान आहे रे," तो म्हणाला. "आधी बोलायचं ना."